टोकियोच्या रस्त्यांवरील धूम्रपानबंदी आणि तिच्या जोडीला मिळणाऱ्या जागा: एक परीक्षण

टोकियोत रस्त्यावर सिगारेट ओढण्यास मनाई आहे, एवढे सांगून बहुतेक प्रवास-माहितीपत्रके पुढे सरकतात. प्रत्यक्षात ही मनाई एकटी येत नाही. तिच्याबरोबर स्थानिक प्रशासन एक सेवाही देते, ती म्हणजे ठरवून दिलेली, राखपात्रे ठेवलेली, नियमितपणे स्वच्छ होणारी आणि नकाशावर दाखवलेली धूम्रपानाची जागा. मनाई आणि जागा यांची ही जोडी कशी चालते, कोणाच्या उपयोगी पडते आणि कुठे उणी पडते, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मी स्वतः सिगारेट ओढत नाही. माझे कार्यालय चियोदा प्रभागात आणि घर एदोगावा प्रभागातील निशिकासाईला आहे, जिथे मराठी कुटुंबांची संख्या बरीच आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत व यजमानांच्या मित्रमंडळींत ओढणारेही कमी नाहीत. त्यामुळे आत जाणाऱ्याला वाट दाखवणारी आणि त्याच जागेशेजारून श्वास रोखून जाणारी, अशा दोन्ही भूमिका माझ्या वाट्याला नेहमी येतात.

सुरुवात चियोदापासूनच करणे योग्य, कारण जपानमध्ये रस्त्यावरील धूम्रपानाला दंड लावणारा पहिला स्थानिक नियम याच प्रभागाने केला. सम्राटांचा राजवाडा, संसद, टोकियो स्थानक, कान्दा आणि आकिहाबारा हे वर्दळीचे भाग, हे सारे या जेमतेम साडेअकरा चौरस किलोमीटरच्या प्रभागात सामावलेले आहे. रात्री येथे राहणारी माणसे सुमारे ६७ हजार आहेत, परंतु दिवसा कामासाठी आणि शिक्षणासाठी येणाऱ्यांमुळे हीच संख्या आठ लाखांच्या पलीकडे जाते. साहजिकच थोटके टाकणारे बहुतेक बाहेरचे आणि ती झाडणारे इथले, अशी विषम वाटणी वर्षानुवर्षे चालली होती. आधी विनंत्या झाल्या, फलक लागले, आणि त्याने फारसे काही न साधल्यावर जून २००२ मध्ये प्रभागाच्या सभेने उपविधी मंजूर केला. ऑक्टोबरपासून तो लागू झाला आणि नोव्हेंबरपासून दंडाची वसुली सुरू झाली. उपविधीतील कमाल दंड २० हजार येन असला तरी प्रत्यक्षात २ हजार येन घेतले जातात, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण हजार-बाराशे रुपये. प्रथम काही ठरावीक रस्ते व स्थानकांचे परिसरच या नियमाखाली होते; २०१० पासून राजवाडा वगळता संपूर्ण प्रभाग त्यात आला. ‘शिष्टाचाराकडून नियमाकडे आणि पुन्हा शिष्टाचाराकडे’ हे प्रभागाचे घोषवाक्य त्या काळात बरेच गाजले. त्यातला पहिला टप्पा पूर्ण झाला आहे याबद्दल दुमत नाही. दुसरा पूर्ण झाला असता तर गणवेशातील पथके आज रस्त्यांवरून फिरताना दिसली नसती.

या सेवेचे मूल्यमापन करताना एक गोष्ट विसरता कामा नये, ती अशी की हा नियम मुळात धुरासाठी केलेलाच नव्हता. तो केला गेला कचऱ्यासाठी आणि विस्तवासाठी. गर्दीच्या फुटपाथवर चालणाऱ्या प्रौढ माणसाने सिगारेट धरलेला हात खाली सोडला की तो लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. १९९४ साली चिबा प्रांतातील फुनाबाशी स्थानकावर एका लहान मुलीची पापणी अशाच सिगारेटने भाजली होती आणि त्या घटनेची चर्चा पुढे बराच काळ होत राहिली. नंतर तर खुद्द जपान टोबॅको या कंपनीनेच आपल्या शिष्टाचारविषयक जाहिरातींतून मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवरच्या त्या हाताची आठवण करून दिली आणि आपण ७०० अंशांचा विस्तव हातात घेऊन माणसांच्या जवळून जात आहोत, हे ओढणाऱ्याच्याच तोंडून वदवले. सिगारेट विकणाऱ्या कंपनीने असे सांगावे यात उपकारापेक्षा व्यवहार अधिक असावा असा माझा संशय आहे, कारण ‘नीट ओढा’ असे सांगणाऱ्याला ‘ओढू नका’ असे सांगावे लागत नाही. तरीही ती जाहिरात परिणामकारक होती, हे मान्य करावे लागेल.

या मूळ हेतूच्या कसोटीवर सेवा उत्तम उतरते. कान्दा स्थानकापासून कार्यालयापर्यंतच्या वाटेवर थोटूक दिसणे ही आता नवलाची बाब झाली आहे. मुलाचा हात धरून जाताना पुढच्या माणसाच्या बोटांकडे लक्ष ठेवावे लागत नाही. गटारांच्या जाळ्या आणि झाडांची आळी ही थोटके सापडण्याची हमखास ठिकाणे. तीही येथे बऱ्यापैकी स्वच्छ असतात. पथकातील कर्मचारी दोघादोघांनी फिरतात, ओढणाऱ्याजवळ जाऊन हळू आवाजात, अत्यंत आदरार्थी भाषेत त्याला थांबवतात, नियमाची माहिती देतात आणि दंडाचा कागद पुढे करतात. हा दंड प्रशासकीय स्वरूपाचा आहे, फौजदारी नाही, त्यामुळे पुढे व्हिसा किंवा नोकरीत त्याने अडचण येईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र ‘आम्ही पर्यटक आहोत, आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही, कारण फुटपाथवरच मोठ्या गोल खुणा रंगवलेल्या वा चिकटवलेल्या असतात आणि त्यांवरील चित्र कोणत्याही भाषेविना कळते. वाद घालणाऱ्यावर आवाज चढलेला मी अजून पाहिलेला नाही. सुटका झालेलीही क्वचितच पाहिली आहे.

आता जागांविषयी. त्या साधारणपणे चार प्रकारच्या आहेत आणि त्यांच्या दर्जात इतका फरक आहे की सर्वांना एकच गुण देणे अन्यायाचे होईल. पहिला प्रकार उघड्या जागेचा. स्थानकाबाहेरील चौकात, उड्डाणपुलाखाली किंवा एखाद्या लहान बागेच्या कोपऱ्यात कुंड्यांनी वा माणसाच्या उंचीच्या आडोशाने वेगळा काढलेला चौकोन, त्यात उभी राखपात्रे, वर आकाश. दुसरा प्रकार बंदिस्त खोक्याचा. जहाजी कंटेनरच्या आकाराची ही खोली रस्त्याच्या कडेला ठेवलेली असते. सरकते दार, धूर ओढून घेणारे पंखे, आणि दारावर एका वेळी किती जणांनी आत असावे याची सूचना. तिसरा प्रकार इमारतीतील खोलीचा. चियोदा प्रभाग खाजगी इमारतमालकांना अशी खोली सर्वांसाठी खुली ठेवण्याकरिता अनुदान देतो, त्यामुळे तळमजल्यावरचे पूर्वीचे एखादे छोटे दुकान आज धूम्रपानकक्ष झालेले दिसते. चौथा प्रकार हा खरे तर प्रशासनाचा नव्हेच. जुन्या तंबाखू-दुकानाच्या दाराशी, दुकानाच्या स्वतःच्या जमिनीवर ठेवलेले राखपात्र. उपविधीचा अंमल सार्वजनिक रस्त्यावर चालतो, दुकानाच्या उंबऱ्याच्या आत नाही, आणि एका पावलाच्या या फरकावर त्या दुकानाची गिऱ्हाइकी टिकून असते.

या चारांत इमारतीतील खोली मला सर्वांत सरस वाटते. तिचे दार दुहेरी असेल तर बाहेर वास जवळजवळ येत नाही, पावसाळ्यात छत्री सांभाळत उभे राहावे लागत नाही, आणि रस्त्याने जाणाऱ्याला आत काय चालले आहे हे कळतही नाही. बंदिस्त खोके दुसऱ्या क्रमांकावर येते, पण त्याची मदार पंख्यांवर आहे आणि पंख्यांनी ओढलेला धूर बाहेर कुठे सोडला जातो यावर आहे. छपराच्या उंचीवर सोडला तर ठीक. शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील खिडकीच्या रोखाने सोडला तर त्या खिडकीमागे बसणाऱ्यांनी काय करावे, याचे उत्तर नियमात नाही.

सर्वांत निराशा उघडी जागा करते आणि संख्येने तीच डोळ्यांत भरते. शहरातील एका मोठ्या स्थानकाबाहेर, ज्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, अशा एका चौकोनाला लागूनच पादचाऱ्यांचा मुख्य मार्ग जातो. सकाळी कामावर जाण्यापूर्वी आणि दुपारी जेवणानंतर आत माणसे दाटीवाटीने उभी असतात, उरलेली आडोशाच्या बाहेर सांडतात, आणि पलीकडच्या सिग्नलपाशी उभ्या असलेल्या सर्वांच्या अंगावर तो धूर येतो. पूर्वी हा धूर शहरभर विरळ होऊन पसरलेला होता, आता तो गोळा करून एका कोपऱ्यात ठेवलेला आहे, आणि ज्याची रोजची वाट त्या कोपऱ्यावरून जाते त्याच्या दृष्टीने परिस्थिती सुधारली नसून बिघडली आहे. मी माझी वाट बदलली. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला किंवा चाकाच्या खुर्चीवरील आजोबांना उताराच्या सोयीमुळे तीच वाट धरावी लागत असेल तर त्यांना हा पर्यायही राहत नाही. आडोशाची भिंत नजरेपुरती असते. धूर तिच्यावरून जातो, हे प्रशासनालाही ठाऊक असणार, कारण अलीकडच्या जागा अधिकाधिक बंदिस्त होत चालल्या आहेत.

ओढणाऱ्याच्या बाजूने या सेवेची कसोटी लागली ती माझे धाकटे दीर सांगलीहून आले तेव्हा. भाऊजींना जेवणानंतर सिगारेट लागतेच. पहिल्या दिवशी आकिहाबाराला जेवून बाहेर पडताच त्यांनी सवयीने खिशात हात घातला, मी त्यांना जमिनीवरची खूण दाखवली आणि आम्ही नकाशावर जागा शोधू लागलो. प्रभागाच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, जपान टोबॅकोच्या ॲपमध्येही आहे, पण दोन्ही वापरण्यासाठी जपानी वाचता येणे फार सोयीचे ठरते. गल्लीचे नाव, इमारतीचे नाव आणि मजला हे सारे जपानीत असेल तर नुकत्याच आलेल्या माणसाला ठिपका दिसतो, दार सापडत नाही. जागा सापडल्यावर भाऊजी आत गेले आणि एक सिगारेट संपवून लगेच परतले. “वहिनी, सोय झकास आहे हो, पण यात मजा काही नाही,” असे ते म्हणाले. आत बसायला काही नाही, चहा नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या फोनमध्ये मान घालून ओढतो आणि निघून जातो. आपल्याकडे टपरीवर सिगारेटीबरोबर कटिंग येते, राजकारण येते, उधारीचा हिशेब येतो. इथे फक्त निकोटिन मिळते. हे मुद्दाम केले आहे की जागेच्या टंचाईने झाले आहे हे सांगता येणार नाही, पण सेवा म्हणून पाहता मला हा दोष वाटत नाही, गुणच वाटतो. ओढण्याची सोय करावी. ओढण्याची बैठक जमवून देण्याचे प्रशासनाला काही कारण नाही. भाऊजींचे मत अर्थातच वेगळे आहे.

तथापि या व्यवस्थेत एक विचित्र उलटेपणा बराच काळ राहिला आणि त्याची नोंद घेतल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. टोकियोत रस्त्यावर सिगारेट बंद झाली तेव्हा उपाहारगृहांत ती सर्रास चालू होती. म्हणजे मोकळ्या हवेत ओढणाऱ्याला दंड, आणि तोच माणूस दार ढकलून इझाकायात, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या मद्यगृहात, शिरला की शेजारच्या टेबलावर मूल जेवत असले तरी त्याला पूर्ण मुभा. आरोग्याचा विचार करणाऱ्या कोणालाही हा क्रम उलटा वाटेल. कचऱ्याचा आणि विस्तवाचा विचार करणाऱ्याला तो सरळ वाटतो, कारण इझाकायात राखपात्र असते. हा गोंधळ सुधारायला २०१८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आरोग्यसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, शाळा, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांच्या आवारांना ती जुलै २०१९ पासून लागू झाली, आणि उपाहारगृहांसह उरलेल्या बंदिस्त जागांना १ एप्रिल २०२० पासून. राष्ट्रीय कायद्याने जुन्या लहान उपाहारगृहांना सवलत ठेवली. टोकियोच्या स्वतःच्या नियमाने ती आणखी आवळली आणि जिथे पगारी नोकर काम करतात तिथे ती नाकारली. याचा परिणाम बाहेरच्या जागांवर झाला. आत बंद झालेली माणसे बाहेर आली, आणि नेमक्या त्याच वसंतात महामारीमुळे अनेक सार्वजनिक धूम्रपान-जागा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा गल्लीबोळांत, वाहनतळांत आणि दोन इमारतींमधल्या सापटीत लपून ओढणाऱ्यांची जी रांग लागली, तिने एक गोष्ट पुरेशी स्पष्ट केली. जागा काढून घेतली की माणूस ओढणे थांबवत नाही, तो लपतो, आणि लपलेल्या माणसाजवळ राखपात्र नसते. नियमाचा धाक तोच होता, पथके तीच होती, दंडही तोच होता. जोडीतले एक चाक काढल्यावर दुसरे किती वेळ फिरते याचा तो प्रयोग होता, म्हणा ना.

या सेवेचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न मला स्वाभाविक वाटतो, कारण न ओढणाऱ्याच्या करातून ओढणाऱ्याची खोली बांधावी का असा वाद येथेही होतो. जपानमधील तंबाखूवरील कराचा एक हिस्सा ज्या नगरपालिकेच्या वा प्रभागाच्या हद्दीत सिगारेट विकली जाते तिच्याच तिजोरीत जातो. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हा हिस्सा हजार सिगारेटींमागे ६,५५२ येन आहे, म्हणजे २० सिगारेटींच्या पाकिटामागे सुमारे १३१ येन. सेव्हन स्टार्स सिगारेटचे पाकीट तेव्हा ६०० येनला मिळत होते, हे लक्षात घेतले तर ओढणारा आपल्या जागेचे भाडे आधीच भरून बसलेला असतो असे म्हणता येईल. त्यामुळे ‘त्यांच्यासाठी आमचे पैसे का’ हा आक्षेप मला फारसा पटत नाही. दुसरा आक्षेप मात्र पटतो. जपान टोबॅको १९८५ पर्यंत सरकारी मक्तेदारी होती आणि आजही तिच्या एक तृतीयांशाहून अधिक समभागांची मालकी कायद्याने सरकारकडे ठेवलेली आहे. एका हाताने विक्रीत वाटा आणि दुसऱ्या हाताने बंदी, अशा स्थितीत बंदीचे रूप ‘कमी ओढा’ असे न होता ‘तिकडे जाऊन ओढा’ असे झाले, यात आश्चर्य नाही. १९६०च्या दशकात जपानी पुरुषांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ओढत. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आत आले आहे. ही घट किंमत, वाढते वय, आरोग्यशिक्षण आणि बदललेली फॅशन अशा अनेक कारणांनी झाली, आणि रस्त्याच्या नियमाने त्यात किती भर घातली हे वेगळे काढता येत नाही. या सेवेने लोकांना सिगारेट सोडायला लावले असा दावा कोणी केला तर तो मी मान्य करणार नाही.

मराठी वाचकाने येथे आपल्या देशातील कायदा आठवून पाहावा, कारण तो टोकियोच्या अगदी उलट्या दिशेने आला. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करण्याचे निर्देश दिले, ते सभागृहे, रुग्णालये, शैक्षणिक संस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांच्याबाबत होते. पुढे २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायद्याने हीच वाट धरली आणि ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येतून मोकळी जागा वगळली. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी रेल्वे स्थानक, बसथांबा, क्रीडांगणाची प्रेक्षागारे यांसारख्या जागा पुन्हा व्याख्येत आणल्या, पण रस्ता बाहेरच राहिला. म्हणून पुण्यात उपाहारगृहाच्या दाराबाहेर फुटपाथवर उभे राहून ओढणारा केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने बहुधा निर्दोष असतो, आणि टोकियोत तोच माणूस दंडाला पात्र ठरतो. आपला कायदा फुप्फुसांचा विचार करून लिहिला गेला, त्यांचा फुटपाथचा विचार करून. दंड आपल्याकडे २०० रुपयांपर्यंत. बसथांब्यावर तो वसूल होताना मात्र मी पुण्यात कधी पाहिलेला नाही, आणि थोटके टाकायला तिथे एखादे राखपात्र ठेवलेलेही नाही.

चियोदा सोडून इतरत्र जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नियम राष्ट्रीय नाही, प्रत्येक प्रभागाचा व शहराचा वेगळा आहे, आणि एका रस्त्याच्या दोन बाजू दोन प्रभागांत असू शकतात. टोकियोतल्याच शिबुया प्रभागाने जुलै २०१९ पासून ठरवून दिलेल्या जागा वगळता संपूर्ण प्रभागात बंदी केली असून दंड २ हजार येन आहे. योकोहामाच्या बंदी-क्षेत्रांतही २ हजार येन, क्योतोत १ हजार. ओसाकाने पूर्वी मिदोसुजीसारख्या काही रस्त्यांपुरता असलेला नियम जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर, २७ जानेवारी २०२५ पासून, संपूर्ण शहराला लागू केला. तिथे दंड १ हजार येन. तोकाइदो शिनकानसेन या वेगवान रेल्वेगाड्यांमधील धूम्रपानकक्ष मार्च २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा टोकियोहून ओसाकाला जाताना अडीच तासांची तयारी आधीच करावी. तापवून ओढण्याच्या नव्या उपकरणांना कुठे सूट आहे आणि कुठे नाही, यात इतकी विविधता आहे की ती सिगारेटच समजून वागणे शहाणपणाचे.

पाहुण्यांना माझा सल्ला थोडका आहे. स्थानकातून बाहेर पडण्यापूर्वीच जागा शोधून ठेवावी, कारण बाहेर पडल्यावर गर्दी थांबू देत नाही. झाकणाचे खिशातले राखपात्र किराणा दुकानातही मिळते आणि ते जवळ बाळगणे केव्हाही चांगले, पण ते हातात आहे म्हणून बंदी-क्षेत्रात ओढण्याची परवानगी मिळत नाही, हा गैरसमज आपल्या लोकांत बराच आढळतो. हॉटेल नोंदवताना खोली धूम्रपानाची की बिनधूम्रपानाची हे नीट पाहावे. ओढणाऱ्याला मिळालेली चुकीची खोली त्याला रात्री दोन वाजता रस्त्यावर आणते, आणि रात्री दोन वाजता बहुतेक बंदिस्त जागांना कुलूप असते.

हे कुलूप हीच माझी शेवटची आणि सर्वांत गंभीर तक्रार आहे. मनाई चोवीस तास चालू असते. इमारतींतील चांगल्या जागा मात्र संध्याकाळी किंवा रात्री लवकर बंद होतात आणि त्यांतल्या बऱ्याच रविवारी उघडतच नाहीत, कारण त्या कार्यालयांच्या वेळापत्रकाला बांधलेल्या आहेत. रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक, हॉटेलातला आचारी किंवा पहाटे माल उतरवणारा चालक यांना उरते ती फक्त उघडी जागा, तीही जवळ असेल तर. दिवसाच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन, उघड्या जागांच्या धुरासाठी अर्धा कापून. रात्रीच्या सेवेला दोनपेक्षा जास्त देता येत नाही. प्रभागाने अनुदान देताना रात्रीच्या वेळेची अट घातली आणि गर्दीच्या चौकांतील उघडे चौकोन एकेक करून बंदिस्त केले, तर हे गुण मी वाढवीन. नकाशा इंग्रजीतही मजल्यासह नीट दिला, तर भाऊजीही त्यांचे गुण वाढवतील, असे त्यांनी जाण्यापूर्वी कबूल केले आहे.